दार कुठे, धुराडं कुठे? इंग्लंडमधलं जुनं दगडी फार्महाऊस कसं वाचावं

यॉर्कशायर डेल्स, लेक डिस्ट्रिक्ट किंवा कॉट्सवोल्ड्सला सुट्टीत गेलं की राहायला पुष्कळदा एखादं जुनं दगडी फार्महाऊस मिळतं. घरमालक जाडजूड भिंतीवर थाप मारून "हे सोळाशे अमुक सालचं" असं सांगतो, आपण मान डोलावतो आणि चार फोटो काढून आत जातो. पण तेच घर अर्धा तास नीट पाहिलं तर त्याचा बराचसा इतिहास बाहेरूनच कळतो. आधी काय बांधलं, नंतर काय जोडलं, गुरं कुठे होती, पैसा कधी आला, हे सगळं भिंतीवरच असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवायची. हे घर शोभेसाठी बांधलेलं नव्हतं. लोणी काढणं, चीज मुरवणं, मांस खारवणं, गडीमाणसांना जेवू घालणं ही सगळी कामं याच छपराखाली चालत आणि काही भागांत गुरंही तिथेच बांधत. म्हणून दगड किती देखणा आहे यापेक्षा कुठलं काम कुठे होत होतं, हे शोधायचं. आणि त्याची सगळ्यात मोठी खूण, माझ्या मते, दार आणि धुराडं यांच्यातलं नातं. तिथे आपण येऊच, पण आधी थोडी तयारी.

१. निघण्याआधी

इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींची सरकारी यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था ठेवते आणि ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. घराचं किंवा गावाचं नाव टाका. घर यादीत असेल तर दहावीस ओळींचं वर्णन मिळेल: कुठलं शतक, कुठला दगड, छप्पर कशाचं, खिडक्या कशा. भाषा तारेसारखी तुटक असते, पण उपयोगी. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जुन्या नोंदींपैकी पुष्कळशा बाहेरूनच पाहून लिहिल्या आहेत. आतून पाहिलेलं नाही, असं काही ठिकाणी स्पष्ट म्हटलेलंही असतं.

दुसरं साधन म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे फुकट पाहता येतात, शिवाय आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवून. घराचा आकार तेव्हापासून वाढला का, मागचा गोठा पडला का, हे पाच मिनिटांत कळतं.

बरोबर वही, दुर्बीण आणि टॉर्च घ्या. सार्वजनिक पायवाटा कित्येकदा थेट फार्मच्या अंगणातून जातात, त्यामुळे बाहेरून पाहायला अडचण नसते. पण लोक तिथे राहतात. खिडकीला नाक लावायचं नाही, आणि फाटक जसं होतं तसं लावून यायचं.

२. लांबूनच थांबा

घर कुठे बसवलंय ते आधी पाहा. डेल्समध्ये घर साधारणपणे दरीच्या तळाशी असलेलं गवताचं कुरण आणि वरचं चराऊ रान यांच्या मधोमध, झऱ्याजवळ असतं. तोंड शक्यतो दक्षिणेकडे. उत्तरेची बाजू जवळजवळ बिनखिडक्यांची, आणि दुभत्याची खोली त्याच थंड बाजूला. पुष्कळदा ती मागे उतरतं छप्पर काढून नंतर जोडलेली असते.

घराची लांबी उताराला आडवी आहे की उताराच्या दिशेने, हेही पाहा. उताराच्या दिशेने लांबलचक घर असेल तर खालच्या टोकाला एके काळी गुरं असण्याची शक्यता बरीच. शेण आणि मूत्र माणसांच्या बाजूला न येता खाली वाहून जावं, एवढाच त्यामागचा हिशेब.

३. छप्पर

उतार किती आहे ते पाहा. पेनाइन डोंगररांगेच्या आसपास छपरावर वालुकाश्माच्या मोठ्या, जड फरश्या असतात आणि उतार ३० अंशांच्या आसपास, म्हणजे बेताचा. कॉट्सवोल्ड्समध्ये चुनखडीच्या लहान पातळ चकत्या असतात. त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायची भीती जास्त, म्हणून उतार ५० अंशांच्या घरात, चांगलाच उभा. या चकत्या एका मापाच्या नसतात. वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान होत जातात. वजन भिंतीजवळ राहतं, खाणीतून निघालेला लहानसा तुकडाही वाया जात नाही, आणि दिसायलाही सुरेख. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला तर दगडाचे ठोकळे हिवाळाभर ओले ठेवून गारठ्याकडूनच फोडून घेत. आतलं पाणी गोठलं की थर आपोआप सुटत.

आता विसंगती शोधा. पेनाइनमधल्या घराचं छप्पर फरश्यांचं आहे पण उतार उगाचच उभा आहे, तर पूर्वी तिथे गवताचं किंवा हेदरच्या झुडपांचं शाकारलेलं छप्पर असावं. धुराड्याकडे दुर्बीण लावा. त्याच्या बुडाशी बाहेर आलेले दगडी ओठ असतात, छप्पर आणि धुराडं यांच्या सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून बसवलेले. ते आजच्या छपरापासून हातभर उंच लटकत असतील तर जुनं छप्पर तेवढं जाड होतं. शेवटी बाजूच्या त्रिकोणी भिंतीवर तिरपी रेघ दिसते का पाहा. तिच्या वरचा दगड वेगळा दिसला तर घर नंतर उंच केलंय.

४. भिंतीतली शिवण

भिंत दोन फूट जाड असते म्हणजे सबंध दोन फूट अखंड दगड नसतो. बाहेर एक पदर, आत एक पदर, मध्ये खडी-माती-चुन्याची भर, आणि दोन्ही पदर फाकू नयेत म्हणून मधूनमधून आरपार घातलेले लांब दगड. डेल्समधल्या स्वेलडेल या खोऱ्यातल्या रानातल्या गोठ्यांवर हे आरपार दगड ओळीने बाहेर डोकावतात, ते पाहून कल्पना पक्की होते.

डेल्समधला चुनखडीचा दगड कडक आणि सरळ घडवायला अवघड. म्हणून भिंत त्याची, पण कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि दारं वालुकाश्माची. कोपऱ्याला मोठे घडीव दगड एक लांब, एक आखूड असे आळीपाळीने रचतात. खरी मौज इथेच आहे. समोरच्या भिंतीवर नजर डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवा. भिंतीच्या मधेच अशी मोठ्या दगडांची उभी ओळ लागली, तर ती एके काळची घराची बाहेरची कड. तिच्या पलीकडचे लहान दगड या ओळीत गुंतलेले नसून नुसते येऊन टेकलेले दिसतील, जमिनीपासून वळचणीपर्यंत एक उभी दरज. मोठे घडीव दगड ज्या बाजूचे, ती बाजू आधीची. जी टेकली, ती नंतरची. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा ही शिवण चटकन दिसते. भर दुपारी पायाखालून घर निघून गेलं तरी कळत नाही.

बंद केलेली दारं अशीच सापडतात. दोन उभे घडीव दगड, वर आडवा दगड, आणि मध्ये वेगळ्याच रचनेची भर. त्यांची नोंद करून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

५. खिडक्या

सतराव्या शतकातली खिडकी रुंद आणि बुटकी असते. मध्ये दगडी दांडे, त्यांच्या कडा तासलेल्या, आणि कित्येकदा वर पाणी बाजूला वळवणारी दगडी भुवई. अठराव्या शतकात दांडे सपाट, चौकोनी होतात. नंतर वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या येतात आणि त्यांच्यासाठी उंच, उभी भोकं.

पण जुनी रुंद खिडकी फोडून नवी बसवण्याचा खर्च सगळे करत नसत. मधले दांडे तेवढे काढून टाकायचे, की झालं. अशी खिडकी दिसली तर खालच्या दगडावर जवळून पाहा. दांडा जिथे उभा होता तिथे तळहातापेक्षा लहान असा खडबडीत चौकोन राहिलेला असतो. बाकीचा दगड पावसाने गुळगुळीत, हा तेवढा छिन्नीने तोडलेला. बरोबर त्याच्या वर, वरच्या आडव्या दगडावर त्याची जोडीदार खूण. दोन जोड्या मिळाल्या तर मूळ खिडकी तीन खणांची होती.

कुठल्या खोलीला किती मान होता, हेही खिडकी सांगते. बैठकीच्या खोलीच्या दांड्यांना नाजूक गोलाई आणि स्वयंपाकाच्या बाजूला साधी तिरपी कड, असं एकाच घरात आढळतं.

बुजवलेली खिडकी दिसली की गाइड लोक लगेच खिडकीपट्टीची गोष्ट सांगतात. हा कर खरोखरच होता, १६९६ ते १८५१. पण प्रत्येक बुजलेल्या खिडकीला तेच कारण नसतं. आत जिना आला, चूल हलली, फडताळ बसवलं, म्हणूनही खिडक्या बंद झाल्या. त्या कराचा याहून चांगला पुरावा म्हणजे दुभत्याची आणि चीजची खोली. त्यांना सूट होती, पण खोलीवर तसं लिहिलेलं असावं लागे. काही घरांच्या चौकटीवर ती अक्षरं अजून वाचता येतात.

६. दार आणि धुराडं

आता घरासमोर मधोमध उभे राहा. छपरावरचं मुख्य धुराडं शोधा आणि तिथून जमिनीपर्यंत मनातल्या मनात एक ओळंबा सोडा. तो दारापासून कुठे पडतो?

दाराला अगदी लागून, एका बाजूला पडला, तर दार चुलीच्या पाठीमागून जाणाऱ्या बोळात उघडतं. हा बोळ घराच्या आरपार असतो आणि मागच्या भिंतीत समोरासमोर दुसरं दार असतं. बोळाच्या चुलीकडच्या बाजूला मुख्य खोली, जिथे स्वयंपाक, जेवण, उठबस सगळं. तिच्यापलीकडे मालकाची खाजगी खोली, आणि बोळाच्या दुसऱ्या बाजूला साठवण किंवा गोठा. ही जुनी पद्धत आहे आणि तिची मुळं मध्ययुगात जातात. खात्री करायची असेल तर मागे जाऊन ते दुसरं दार, निदान त्याची बुजवलेली खूण, शोधा. आणखी एक पुरावा म्हणजे धुराड्याजवळ समोरच्या भिंतीत एकटीच लहानशी खिडकी. चुलीवर लाकडी-गिलाव्याचा भलामोठा धूरपडदा असे आणि त्याखाली माणसं बसत. त्यांना उजेड मिळावा म्हणून ही खिडकी. पडदा कधीच गेला, खिडकी राहिली.

ओळंबा थेट दारावर पडला, तर आत शिरल्यावर समोर धुराड्याची भिंतच येते. दोन पावलांची जागा, डावीकडे एक खोली, उजवीकडे दुसरी, आणि दोन्ही चुली पाठीला पाठ लावून एकाच धुराड्यात. वारा थेट आत घुसत नाही, आणि एका धुराड्याच्या खर्चात दोन खोल्या उबदार. सतराव्या शतकातल्या घरांत ही रचना पुष्कळ दिसते.

धुराडी दोन्ही टोकांना आणि दार बरोबर मध्यभागी असेल, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, तर घर अठराव्या शतकातलं किंवा नंतरचं असावं. गावाची सामाईक जमीन कुंपणं घालून वाटली गेली तेव्हा गावातून उठून रानात नव्याने बांधलेली घरं बहुतेक अशी आहेत. पण इथे सावध राहा. हाती पैसा आला की शेतकरी घराचं तोंड तेवढं नवं करून घेत. समोरून जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचं, मागे जाऊन पाहावं तर दगडी दांड्यांच्या बुटक्या खिडक्या.

आणि कशाचाच मेळ बसत नसेल, तर मघाशी नोंदवलेली बंद दारं काढा. त्यांतल्या एखाद्या दारावर ओळंबा हमखास बसतो.

गुरांचं म्हणाल तर दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ग्रॅनाइटच्या लांब घरांत माणसं आणि गुरं एकाच दारातून आत येत. वर वळलं की माणसांची बाजू, खाली वळलं की गोठा, मधोमध नाली. पाउंड्सगेटजवळचं हायर अपाकॉट हे याचं फार चांगलं उदाहरण, कारण तिथला गोठा खोली करून टाकलेला नाही. पश्चिम यॉर्कशायरमध्ये मात्र घर आणि धान्याचं कोठार एका छपराखाली असूनही दारं स्वतंत्र. कोठाराला गाडी आत जाईल अशी उंच कमान, घराला साधं दार. विणकामावर थोडा पैसा मिळवणाऱ्या लहान शेतकऱ्यांची ही घरं बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. आज त्या कमानीत मोठी काच बसवलेली असते आणि आत सोफा.

७. आत बोलावलं तर

सगळ्यात आधी तुळया. खालच्या दोन्ही कडा तिरप्या तासलेल्या असतात आणि भिंतीपाशी येताना तो तास एखादा नक्षीदार वळसा देऊन थांबवलेला असतो. हा वळसा तुळईच्या एका टोकाला आहे आणि दुसरं टोक तसंच लाकडी भिंतीत गडप होतंय, तर ती भिंत नंतरची. मूळ खोली पलीकडे पुढे होती. पलीकडे जा, दुसरा वळसा बहुधा तिथे भेटेल.

तुळईला रिकाम्या खाचा दिसल्या की "जहाजाचं लाकूड" अशी कथा ऐकायला मिळते, समुद्र शंभर मैलांवर असला तरी. ओक महाग होता, पडलेल्या घराचं लाकूड पुढच्या घरात वापरत. बहुतेक खाचांचा खुलासा एवढाच. ओकमधल्या वर्षवलयांवरून झाड कधी तोडलं ते ठरवता येतं, आणि सुतार ओक ओलाच वापरत, त्यामुळे तोडल्याचं साल आणि बांधकामाचं साल यांत फारसं अंतर नसतं.

चुलीवरच्या आडव्या लाकडावर टॉर्च तिरपी धरा. थेंबाच्या आकाराचे जळके डाग दिसतील. ते अपघाताने पडलेले नसून ज्योत मुद्दाम धरून केलेले असतात, असं अभ्यासक मानतात. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलंही दिसतात. दार, खिडकी, चूल, म्हणजे अनिष्ट जिथून शिरेल त्या जागा राखायच्या, ही त्यामागची समजूत.

दारावरच्या कोरीव सालावर मात्र लगेच विसंबू नका. उत्तरेत ही पाटी पुष्कळ घरांवर असते: वर आडनावाचं आद्याक्षर, खाली नवरा-बायकोची. ते साल लग्नाचं, नव्या ओसरीचं किंवा दुरुस्तीचंही असू शकतं, आणि दगड दुसरीकडून आणूनही बसवतात. खिडक्या आणि ओळंबा जे सांगतात त्याच्याशी ताडून पाहा. एवढं मात्र खरं, की उत्तरेतल्या अशा पाट्यांवर सतराव्या शतकाचा उत्तरार्ध वारंवार भेटतो. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये मांडलं होतं की १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांत घरं मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधली गेली. उत्तरेला ती लाट उशिरा पोचली.

८. विकत घ्यायचा विचार असेल तर

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना अशा घरांचा मोह पडतो, म्हणून थोडं व्यवहाराचं.

दगडांमधल्या दरजा कशाने भरल्यात ते बघा. चुना मऊ, फिकट, नखाने थोडा खरवडला जातो. सिमेंट राखाडी, कडक. या भिंती पाणी शोषतात आणि चुन्याच्या दरजांतून ते बाहेर टाकतात. सिमेंटने वाट बंद झाली की ओल दगडातून निघते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे वाड्यांची डागडुजी सिमेंटने करतात तिथेही हेच दुखणं. सिमेंटच्या दरजा दिसल्या की किमतीत ते काढून चुना भरायचा खर्च धरा. जुना चुन्याचा गिलावा उपटून "दगड उघडा" केलेली खोली फोटोत छान दिसते, पण त्या भिंती बहुधा गिलाव्याखाली राहण्यासाठीच बांधलेल्या असतात. कलाकार-लेखक विल्यम मॉरिस आणि वास्तुविशारद फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती अशाच खरवडण्याविरुद्ध, आणि चुन्याच्या कामाबद्दल आजही तिचा सल्ला पहिला घ्यावा.

घर संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय त्याचं स्वरूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. श्रेणी कुठलीही असो, संरक्षण आतल्या भागालाही असतं, त्यामुळे आतली जुनी भिंत पाडणं किंवा जिना हलवणं यातच येतं. आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या इमारतींनाही ते बहुधा लागू होतं. आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम निस्तरायची पाळी नव्या मालकावर येऊ शकते, तेव्हा वकिलाकडून जुन्या परवानग्या मागवून घ्या. आढ्याखाली वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

९. हात बसवायला कुठे जावं

उत्तरेत राहणाऱ्यांनी हटन-ले-होलच्या रायडेल लोकसंग्रहालयापासून सुरुवात करावी. डॅन्बीहून उचलून आणलेलं स्टँग एंड हे घर तिथे उभं आहे: दगडी भिंती, वर शाकारलेलं उभं छप्पर, आणि आत वाकड्या ओकच्या जोड्यांनी पेललेला सगळा भार. छपराच्या उताराबद्दल वर लिहिलेलं तिथे एका नजरेत पटतं.

दक्षिणेत ऑक्सफर्डशायरचं केल्म्सकॉट. १६००च्या सुमाराला टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याने बांधलेलं, नंतरच्या काळात एक बाजू वाढवलेलं. मॉरिसने ते १८७१ मध्ये भाड्याने घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. नाव आज मॅनर, म्हणजे जमीनदाराचा वाडा, असलं तरी मूळचं ते फार्महाऊसच. मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या दगडी चकत्या बघायच्या तर इथे, आणि जुना व वाढवलेला भाग कुठे जुळतात ते स्वतः शोधायचं, गाइडला विचारायच्या आधी.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये ट्राउटबेकचं टाउनएंड, १६२६ मध्ये बांधलेलं. ब्राउन घराण्याची पिढ्यान् पिढ्या वस्ती तिथे १९४३ पर्यंत होती, आता ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. पांढरा गिलावा, गोल धुराडी, आत कोरीव ओकचं सामान. बहुतेक लोक घर पाहून परत फिरतात. तुम्ही रस्ता ओलांडून समोरचं १६६६ सालचं कोठार बाहेरून पाहा. ते उतारावर बसवलंय. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर मळणीच्या जागेपर्यंत जायची, खाली गुरं. हिवाळ्यात टाउनएंड बंद असतं, तेव्हा जाण्याआधी वेळा तपासून घ्या.